स्टार्व्ड रॉकला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की शिकागोच्या आसपासच्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा, सासू-सासरे यायला लागतात. पहिले दोन शनिवार-रविवार डाउनटाउन, तळ्याकाठची चक्कर आणि लेमॉन्टचं मंदिर यांत निघून जातात. तिसऱ्या आठवड्यात मला फोन येतो, "अरे, ते स्टार्व्ड रॉक कसं आहे? बाबांना झेपेल का?" मी तिथे इतक्या वेळा आणि इतक्या जणांना घेऊन गेलोय की उत्तरं तोंडपाठ झालीत. ती एकदाची लिहून ठेवतोय. बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं ध्यानात ठेवा : हे पार्क पावसावर चालतं. नकाशा मागाहून बघा, आधी गेल्या दोन दिवसांत तिकडे पाऊस पडला का ते बघा.

हे नक्की आहे कुठे? आणि तिथे आहे काय?

इलिनॉय नदीच्या दक्षिण काठावर, युटिका नावाच्या लहानशा गावाला लागून. शिकागोहून नैर्ऋत्येला साधारण ९० ते ९५ मैल. आय-८० वरून ८१ नंबरच्या एक्झिटला उतरायचं, १७८ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला जायचं, युटिका मागे टाकून नदीवरचा पूल ओलांडला की पार्क आलंच. नेपरव्हिलकडून निघालात तर सव्वा तास धरा. बस-रेल्वेच्या नादाला लागू नका, गाडी हवीच.

वाटेत तासभर मका आणि सोयाबीनची शेतं, जमीन पाटासारखी सपाट. मागच्या सीटवरून हमखास आवाज येतो, "इथे कसले आलेत कडे आणि धबधबे?" गंमत तीच आहे. इथे डोंगर चढायचा नसतो, सपाट माळाला पडलेल्या भेगांमध्ये उतरायचं असतं. वरच्या माळावरचं पाणी नदीकडे धावताना मऊ दगड कापत गेलं आणि त्यातून १८ घळी तयार झाल्या. शिवथरघळ पाहिली असेल तर 'घळ' म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पार्क सुमारे २,६०० एकरांचं आहे, आणि नदीचा काठ, वरचा कडा आणि या घळी जोडणाऱ्या पायवाटा १३ मैलांच्या.

तिकीट किती?

तिकीट नाही. पार्किंगही फुकट. म्हणूनच गर्दी.

कोणत्या महिन्यात जावं?

धबधबे बघायचे असतील तर एप्रिल-मे. बर्फ वितळलेला असतो, पाऊस चालू असतो, झाडांना पुरती पानं आलेली नसतात म्हणून घळीत उजेडही भरपूर. जंगलाच्या तळाशी रानफुलं असतात, तीन पाकळ्यांचं पांढरं ट्रिलियम आणि निळ्या घंटांसारखी ब्लूबेल्स.

आपले लोक नेमके जुलै-ऑगस्टमध्ये जातात. मीही पहिल्यांदा ऑगस्टमध्येच गेलो, पुण्याहून आलेल्या चार पाहुण्यांना घेऊन, अख्खा रस्ताभर धबधब्यांचं वर्णन करत. घामाघूम होऊन घळीत पोचलो तर समोर भिंतीवर एक काळपट ओला पट्टा आणि खाली डबक्यात डासांचं संमेलन. मावशींनी दोन मिनिटं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "आज नळ बंद आहे का रे?" तेव्हापासून मी पाऊस बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

यात पार्कचा दोष नाही. या घळींना मागून मोठी नदी नाही, वरच्या शेतांतून येणारे छोटे ओढे आहेत. पाऊस पडला की ते जागे होतात आणि चार दिवस ऊन पडलं की झोपतात. त्यामुळे आदल्या दिवशी चांगला पाऊस झाला असेल तर जुलैमध्येसुद्धा धबधबा मिळतो. मुसळधार पाऊस चालू असताना मात्र जाऊ नका. चिखल होतो, लाकडी पायऱ्या निसरड्या होतात आणि ओलसर वाळूचा दगड साबणासारखा होतो.

ऑक्टोबरच्या मधल्या ते शेवटच्या आठवड्यात ओक आणि मेपलचे रंग असतात. बघण्यासारखे असतातच, पण अर्धं इलिनॉय तेच म्हणत तिथे आलेलं असतं.

शनिवारी अकरा वाजता पोचलो तर?

तर पार्किंगच्या रांगेत बसून डबा संपवाल. इथे वर्षाला वीस लाखांहून जास्त लोक येतात आणि वाहनतळ भरले की नव्या गाड्या आत सोडत नाहीत. वाटा सकाळी ७ ते सूर्यास्त खुल्या असतात. मंगळवार-बुधवारची सुट्टी काढता आली तर उत्तम, नाहीतर शनिवारी साडेसातला तिथे हजर. "सुट्टीच्या दिवशी साडेपाचला उठायचं?" असं मुलं म्हणतील. त्यांना गाडीत झोपू द्या.

पहिल्यांदाच चाललोय, तीन तास आहेत. कोणती वाट धरू?

मुख्य वाहनतळाला लागून व्हिजिटर सेंटर आहे, तिथून सुरुवात करा. पहिला मान अर्थात त्या खडकाचा, स्टार्व्ड रॉकचा. पाव-अर्धा मैल चालून लाकडी जिन्यांनी माथ्यावर. नदीपासून उंची १२५ फूट, म्हणजे आपल्या हिशेबात टेकडीसुद्धा नव्हे. पण वर पोचलात की खाली रुंद, संथ नदी, डाव्या-उजव्या हाताला झाडीने भरलेले काठ आणि समोर धरणाची ओळ दिसते, तेव्हा फ्रेंचांनी गडासाठी हीच जागा का हेरली (ती गोष्ट पुढे येते) ते कोणी सांगावं लागत नाही.

तिथून फ्रेंच कॅन्यन जवळ आहे, सेंटरपासून अर्ध्या मैलाच्या आत. हिच्या तोंडाशी एका उतरत्या कातळावरून पाणी वाहत असतं आणि पाय ठेवायला दगडात खोबण्या आहेत. खोबणी म्हटल्यावर सह्याद्रीत फिरलेल्यांचे डोळे चमकतात, पण इथे खोबणीतूनसुद्धा पाणी वाहत असतं, तेव्हा एकेकाने आणि तीन आधारांवर. आत गेलं की भिंती एकदम जवळ येतात, आवाज बदलतो आणि कोपऱ्यात धबधबा.

मग वरच्या कड्यावरच्या वाटेने लव्हर्स लीप आणि ईगल क्लिफ हे सज्जे. प्रेमभंग झालेल्यांनी उडी टाकायची जागा अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक उंच दगडाला जोडलेली असते, आख्यायिका फार मनावर घेऊ नका, पण तिथून स्टार्व्ड रॉकचा जो फोटो मिळतो तो दुसरीकडून मिळत नाही. दम असेल तर पुढे वाइल्डकॅट कॅन्यन, सेंटरपासून साधारण एक मैल. तिथला धबधबा ७० फुटांचा आहे आणि तो वरून, सज्जातूनही दिसतो. खाली उतरायचा कंटाळा आलेल्यांची सोय.

माझी आवडती घळ विचाराल तर ला साल कॅन्यन. सेंटरपासून दोन मैल, म्हणजे येऊन-जाऊन चार, वेळ अर्धा दिवस. तिथला धबधबा उंच नाही, पंचवीसेक फूट. पण पाण्यामागचा दगड आतून झिजलाय आणि वाट त्या कपारीतून जाते. आपण भिंतीला पाठ घासत चालतो, समोर पाण्याचा पडदा, पायाखाली पिठासारखी बारीक ओली वाळू, वर छतातून थेंब टपकून कॉलरमधून आत शिरत असतात. पडद्यापलीकडे उभ्या असलेल्या बायकोने काहीतरी ओरडून सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. कॅमेऱ्याचं झाकण उघड म्हणत होती.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. न्यावं की नाही?

न्या, पण सगळीकडे नेऊ नका. इथल्या वाटा लांब नाहीत, पायऱ्या मात्र खूप आहेत. पुन्हा जाताना खाली आणि परतताना वर, म्हणजे दमल्यावर चढण, आपल्या गडांच्या अगदी उलट. गडावर "दमलो, इथूनच परत" म्हणता येतं. घळीत उतरलेला माणूस दमला तरी त्याला चढावंच लागतं. हे आधी समजावून सांगा.

माझे सासरे एकदा स्टार्व्ड रॉकच्या पायऱ्या मोजत चढत होते. प्रत्येक सज्जावर थांबून कोणाला तरी "हॅलो" म्हणायचे आणि आकडा विसरायचे. शेवटी वर पोचल्यावर म्हणाले, "पर्वतीपेक्षा कमी आहेत, पण पर्वतीला खाली उतरल्यावर भेळ मिळते."

ज्यांना पायऱ्या नकोच आहेत त्यांच्यासाठी दोन जागा. एक, टेकाडावरचं लॉज. १९३० च्या दशकात मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देणारी सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर नावाची सरकारी योजना होती, तिच्या पोरांनी ओंडके आणि दगड वापरून हे बांधलं. मधल्या मोठ्या दिवाणखान्यात दोन्ही बाजूंनी उघडी अशी दगडी शेकोटी आहे. मागच्या व्हरांड्यात बसलं की नदी दिसते. चहा मिळतो, आपला नव्हे. दुसरी जागा नदीपलीकडे, धरणाजवळ. तिचं खाली वेगळं सांगतो, कारण बाबा मंडळींना ती घळींपेक्षा जास्त आवडते असा माझा अनुभव आहे.

ज्यांना थोडं चालता येतं त्यांच्यासाठी ७१ नंबरच्या रस्त्यावरचा काउन्सिल ओव्हरहँगचा वाहनतळ. तिथून थोडं चाललं की कड्याच्या पोटात कोरलेली भली मोठी कपार लागते, अर्ध्या घुमटासारखी. भर दुपारी आत गार असतं. पलीकडेच ऑटवा आणि कॅस्कॅस्किया या दोन घळी. मुख्य भागापेक्षा गर्दी निम्मी.

तान्ह्या बाळाची ढकलगाडी नेता येईल?

नाही. पाठीवरची झोळी घ्या. चालत्या मुलांचा हात कड्यावरच्या वाटांवर सोडायचा नाही, मग ते कितीही चिडोत.

आम्ही हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय. हे तर किरकोळच ना?

चालण्याच्या दृष्टीने हो. पण इथे धडपडणाऱ्यांत असा आत्मविश्वास बरोबर घेऊन येणारेही असतात. आपल्या कातळाची सवय झालेल्या हाताला वाटतं, दगड म्हणजे धरवणार. सह्याद्रीचा बसाल्ट धरतो. हा वाळूचा दगड आहे, कडेचा भाग हातात सुटून येतो आणि वर वाळूचे कण गोट्यांसारखे घरंगळतात. शिवाय कड्याच्या टोकाला झाडी आणि पालापाचोळा असल्यामुळे जमीन कुठे संपली ते कळत नाही. कुंपण ओलांडून फोटो काढायला गेलेली माणसं इथून पडलेली आहेत. वाट सोडायची नाही, भिंतींवर चढायचं नाही, दोर लावून उतरायचं तर मुळीच नाही, ते नियमातच बसत नाही.

आणि हो, दगड मऊ आहे म्हणून किल्लीने नाव कोरता येतं. गडांवर बदाम आणि बाण बघून आपण ज्यांना शिव्या घालतो, त्यांच्यात इथे येऊन सामील होऊ नका.

वाट चुकायची भीती आहे का? फोनला रेंज असते?

घळीच्या तळाशी रेंजचा भरवसा धरू नका. पण खुणा चांगल्या आहेत. झाडांवर आणि खांबांवर रंगाचे ठिपके असतात. पिवळा ठिपका म्हणजे तुम्ही सेंटरपासून लांब चाललाय, पांढरा म्हणजे परत येताय. इतकी सोपी पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही. संध्याकाळी दमलेल्या मुलांना "पांढरे मोजा" म्हटलं की ती मुकाट्याने चालतात. सेंटरमधून कागदी नकाशा घ्या आणि अंधार पडायच्या आत बाहेर या.

हा दगड कसला? पिवळट, वाळूसारखा?

वाळूच आहे. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या काठची ही वाळू, घट्ट बसलेली. सेंट पीटर सँडस्टोन हे त्याचं नाव. जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ असल्यामुळे ती काचेच्या कारखान्यांना लागते आणि शेजारच्या ऑटवा गावाभोवती तिच्या खाणी आहेत. ज्यांनी सिव्हिल केलंय त्यांच्यासाठी एक खास माहिती : आपण सिमेंटच्या चाचणीला प्रयोगशाळेत चेन्नईजवळच्या एन्नोरची प्रमाण वाळू वापरायचो, तशी अमेरिकेतली प्रमाण वाळू म्हणजे 'ऑटवा सँड', ती इथलीच. बरोबर आलेले एक निवृत्त इंजिनिअर काका हे ऐकल्यावर खाली बसले आणि चिमूटभर वाळू बोटांत चोळून बघत राहिले. धबधब्याकडे त्यांनी नंतर पाहिलं.

आता कडे कसे झाले ते. हिमयुगाच्या शेवटाकडे, सुमारे १४ ते १९ हजार वर्षांपूर्वी, वितळलेल्या बर्फाचं तुंबलेलं पाणी बांध फोडून सुटलं आणि प्रचंड लोंढ्याने ही दरी कापून काढली. त्याला कॅंकाकी टॉरेंट म्हणतात. नदीचं पात्र एकदम खोल गेलं, वरचे ओढे उंचावर लटकत राहिले. तेव्हापासून ते खाली पोचण्यासाठी दगड खात मागे मागे सरकताहेत. प्रत्येक घळीच्या टोकाला धबधबा असतो तो त्यामुळे.

नाव असं भीतीदायक का? उपासमारीचा खडक?

आता थोडं बसून वाचा, आपल्यासारख्या गडवेड्यांना यात रस वाटेल.

१६७३ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, मार्क्वेट आणि जोलिए हे दोन फ्रेंच प्रवासी होड्यांमधून ही नदी वर चढत आले. इथे समोरच्या काठावर इलिनॉय या मूळ अमेरिकी लोकांचं मोठं गाव होतं. पुढे १६८२-८३ च्या हिवाळ्यात ला साल आणि त्याचा साथीदार टॉन्टी यांनी या खडकाच्या माथ्यावर लाकडी कोट बांधला, फोर्ट सेंट लुई. टॉन्टीचा एक हात लढाईत गेला होता, त्याजागी तो धातूचा हात लावायचा. १६८४ च्या वसंताच्या तोंडावर इरोक्वा या दुसऱ्या मूळ अमेरिकी लोकांनी या कोटाला सहा दिवस वेढा घातला आणि हात हलवत परत गेले. नेमक्या त्याच वेळी नाशिकजवळ संभाजी महाराजांचा रामशेज मोगलांना दाद देत नव्हता. जगाच्या दोन टोकांना दोन खडक, वर मूठभर माणसं आणि खाली वेढा.

पण आपल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वर टाकं कुठे आहे?" नाही. पाण्याचं टाकं नाही, झरा नाही. हिरोजी इंदुलकरांनी ही जागा बघितली असती तर मान हलवून पुढे गेले असते. फ्रेंचांनाही ते कळलं. १६९१-९२ च्या हिवाळ्यात त्यांनी मुक्काम खाली पिओरियाच्या तळ्याकाठी हलवला, कारणं दोन : सरपण फार लांब गेलं होतं आणि वेढा पडला तर पाणी मिळणं कठीण.

नावामागची आख्यायिका याच पाण्याची आहे. १७६९ मध्ये ऑटवा जमातीचा पुढारी पाँटिअ‍ॅक याचा खून झाला, मारेकरी इलिनॉय समूहातल्या पिओरियांपैकी होता. सूड म्हणून ऑटवा आणि पोटावाटोमी लोकांनी इलिनॉयांच्या एका टोळीला या खडकावर कोंडलं. वरच्यांनी दोराने भांडी नदीत सोडली की खालचे दोर कापायचे. शेवटी सगळे उपासमारीने मेले, अशी ती गोष्ट. त्या काळातला लेखी पुरावा नाही आणि इतिहासकार ती खरी मानायला तयार नाहीत. "इथे शेवटचा इलिनॉय मेला" असं काही जण रंगवून सांगतात, ते तर साफ खोटं. पिओरिया जमात आजही आहे, तिचं मुख्य ठाणं आता ओक्लाहोमात. त्यांना इथून हलावं कसं लागलं, ती गोष्ट खडकावरच्या गोष्टीपेक्षा जास्त खरी आहे आणि कमी सांगितली जाते.

नंतरचा व्यवहार मजेशीर आहे. १८३५ मध्ये डॅनियल हिट नावाच्या माणसाने ही जमीन ८५ डॉलरला घेतली, १८९० मध्ये १५,००० ला विकली. घेणाऱ्याने इथे हॉटेल काढलं, लोकांना वाटांवर फिरवलं. १९११ मध्ये राज्य सरकारने ती विकत घेऊन स्टेट पार्क केलं.

नदीत उतरता येतं? पोहता येतं?

नाही. धबधब्याखाली डुंबायलाही बंदी आहे. नदी वरून झोपलेली दिसते, पण धरणाजवळ ओढ भयानक आहे. भुशी धरणावर पायऱ्यांवर बसायची सवय इथे काढू नका.

मासेमारी करता येते, १६ वर्षं आणि पुढच्यांना राज्याचा परवाना लागतो. गळाला कॅटफिश, व्हाइट बास, सॉगर लागतात. मोटरबोटीतून जाणाऱ्यांना इथे वेगळाच प्रसाद मिळतो : इंजिनाच्या आवाजाने सिल्व्हर कार्प पाण्याबाहेर उड्या मारतात आणि माणसांच्या अंगावर आदळतात. आपल्याकडे शेततळ्यात रोहू-कटल्याबरोबर सोडतात तोच हा मासा. तिकडे तो उत्पन्न देतो, इथे तो घुसखोर आहे आणि त्याला ग्रेट लेक्समध्ये शिरू न देण्यासाठी सरकार प्रचंड पैसा ओततंय.

कयाक चालवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : या नदीत मालवाहू बार्जेसचे ताफे चालतात आणि त्यांना पटकन थांबता येत नाही. बाजूला आपणच व्हायचं.

ती नदीपलीकडची जागा कोणती?

स्टार्व्ड रॉक लॉक अँड डॅम, शेजारी इलिनॉय वॉटरवे व्हिजिटर सेंटर. पुलावरून परत उत्तरेला जाऊन काठाकाठाने यायचं. धरणाच्या वरच्या आणि खालच्या पाण्यात सुमारे १८ फुटांचा फरक आहे आणि बोटींना तो पार करायला पाण्याची लिफ्ट आहे. ६०० फूट लांब, ११० फूट रुंद हौद. बार्ज आत येते, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी भरतं किंवा सोडतात, पुढचा उघडतो. पंप नाही, सगळं पाण्याच्या वजनावर. ताफा मोठा असेल तर अर्धा तोडून दोन खेपांत न्यावा लागतो, त्यात तास-दीड तास सहज जातो. आमचे बाबा तेवढा वेळ कठड्याला टेकून उभे होते आणि दोर टाकणाऱ्या माणसाला मनातल्या मनात सूचना देत होते. पायऱ्यांचा त्रास नाही, स्वच्छतागृह जवळ.

हिवाळ्यात जाण्यात काही अर्थ आहे?

माझ्या मते सगळ्यात जास्त अर्थ हिवाळ्यातच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत नदी गोठली तरी धरणाखालचं घुसळणारं पाणी उघडं राहतं आणि मासे खायला बाल्ड ईगल तिथे जमतात. पानं झडलेली असल्यामुळे पांढरं डोकं लांबून ओळखू येतं. सकाळी लवकर जा, दुर्बीण न्या. थंडीचा कडाका जितका जास्त तितके गरुड जास्त, आणि तितके आपण बोटं चोळत उभे.

घळींत धबधबे गोठून निळसर-पिवळे खांब होतात. बर्फ पक्का झाला की ठरावीक घळींमध्ये, पार्कच्या कार्यालयात नोंद करून, हिमारोहण करू देतात. बघे म्हणून जाणार असाल तरी बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे हवेतच. गोठलेल्या जिन्यावर साध्या बुटाने मी जो उतरलो, तो बसूनच.

सायकल?

इथल्या पायवाटांवर नाही. जवळून इलिनॉय अँड मिशिगन कालव्याची जुनी वाट जाते. हा ९६ मैलांचा कालवा १८४८ मध्ये पुरा झाला आणि शिकागो त्यामुळे शिकागो झालं. ज्या काठाने खेचरं होड्या ओढायची, तिथे आता सायकली चालतात. सपाट, सावलीची, मुलांना झेपणारी.

मुक्काम करायचा तर?

लॉजमध्ये खोल्या आणि लाकडी कुट्या आहेत, तंबूंसाठी वेगळं कॅम्पग्राउंड आहे. उन्हाळ्यातले आणि ऑक्टोबरमधले शनिवार महिनोन्‌महिने आधी भरतात. कॅम्पग्राउंडपासून मुख्य वाटांपर्यंत गाडीनेच यावं लागतं, हे बऱ्याच जणांना पोचल्यावर कळतं.

जेवणाचं काय?

डबा न्या. लॉजचं उपाहारगृह ठीक आहे, पण शाकाहारी माणूस तिथे बटाट्याभोवतीच फिरतो. सहलीची टेबलं नदीकाठी झाडांखाली आहेत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही-भात, हे उन्हात टिकतं. पाणी माणशी दीड-दोन लिटर, घळीत नळ नाहीत. कचरा परत आणा, केळ्याची सालंसुद्धा.

किडे, विषारी झाडं?

गोचीड हा खरा त्रास. मे ते जुलैमध्ये फुल पँट, पायमोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, कानामागे, केसांत तपासायचं. तीन-तीन पानांच्या वेलीला हात लावू नका, पॉयझन आयव्ही आहे, आठवडाभर खाजवत बसाल. डासांसाठी मलम.

कुत्रा? ड्रोन?

कुत्रा चालतो, पट्ट्यात. ड्रोन घरी.

शेजारचं मॅथिसन पार्क त्याच दिवशी होईल का?

होईल, दक्षिणेला काही मैलांवर तर आहे. सकाळी लवकर स्टार्व्ड रॉक, जेवण, मग दुपारी तिथे दीड तास. एकच लांब घळ, वरची आणि खालची, गर्दी कमी. खरं सांगायचं तर शनिवारी स्टार्व्ड रॉकच्या दारातून गाडी परत पाठवली तर मी थेट तिकडेच वळवतो. मात्र तिथेही पाणी पावसाचंच. आणि तळाशी जायला पायऱ्याच.